इंजेक्शननंतरचा अर्धा तास

"ताई, माझ्या चपला तेवढ्या द्या."

डार्करूमच्या दारावर दोनदा टकटक झाली आणि पाठोपाठ हे वाक्य आलं. मी फिल्म धुवायला लावली, हात पुसले आणि बाहेर आले. समोर रेवणसिद्ध कोळेकर उभे होते. अंगात एसटीचा खाकी गणवेश, काखेत तिकिटांची पत्र्याची पेटी आणि पाय अनवाणी.

"अर्धा तास झाला नाही अजून," मी घड्याळाकडे बघत म्हटलं. "जेमतेम पंधरा मिनिटं झालीत."

"साडेबाराची जत गाडी माझी हाय ताई. कंडक्टर न्हाई म्हटल्यावर गाडी हलती का? बसलेली माणसं शिव्या घालत्यात आन् वर मेमो मिळतोय." ते जरासे खाकरले. "एक मेमो गेल्या म्हयन्यात झालाय. दुसरा नगं."

ही सत्त्याण्णव सालच्या नोव्हेंबरातली गोष्ट. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. पुण्याहून पदविका घेऊन मिरजेला डॉ. आगाशे यांच्या सेंटरमध्ये सीटी स्कॅनची टेक्निशियन म्हणून लागून मला पाच महिने झाले होते. पाच महिन्यांत माणूस किती थोडं शिकतो हे आता कळतं. तेव्हा मात्र मशीनचं एकेक बटण मला पाठ होतं आणि त्यापलीकडे शिकण्यासारखं काही असतं असं मला वाटतच नव्हतं.

चपलांचं प्रकरण एस्तेर सिस्टरांचं होतं. मशीनच्या खोलीत धूळ नको म्हणून पेशंटला चपला बाहेर काढाव्या लागायच्या. एस्तेर साळवे नावाच्या आमच्या सिस्टर, सरकारी दवाखान्यातून निवृत्त होऊन आमच्याकडे आलेल्या, त्या चपला उचलायच्या आणि स्वतःच्या लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावायच्या. सगळ्यांच्या नाही. ज्यांना रंगाचं इंजेक्शन द्यायचं असेल त्यांच्याच.

रंगाचं म्हणायचं, पण त्याला रंग नसतोच. बाटलीत पाण्यासारखं स्वच्छ दिसतं, जरा घट्टसर. त्यात आयोडिन असतं. शिरेतून ते अंगभर पसरलं की स्कॅनमध्ये रक्तवाहिन्या, मूत्रपिंडं, गाठी असं सगळं पांढरं उजळून दिसतं. ते नसेल तर पोटाचा स्कॅन नुसता करडा. देताना पेशंटला आधी सांगावं लागतं की अंगातून गरम लाट जाईल, तोंडाला लोखंडाची चव येईल आणि लघवी झाल्यासारखं वाटेल, पण झालेली नसेल. हे शेवटचं सांगितलं नाही तर भले भले मशीनमध्येच लाजेने ओरडतात.

तर असं इंजेक्शन झालं की पेशंटने अर्धा तास सिस्टरांच्या टेबलासमोरच्या बाकावर बसायचं, हातातली सुई तशीच ठेवून. आमच्याकडे येणारी माणसं जतची, अथणीची, कवठेमहांकाळची. सगळ्यांना परतीच्या गाडीची घाई. पण चपला कुलपात असल्यावर जाणार कुठे? अनवाणी निघालेला माणूस फाटकापर्यंत जायचा आणि ओशाळून परत यायचा.

बरं, बसवायचं तर गप्प बसू द्यावं. तेही नाही. सिस्टर समोर बसून त्याची सगळी कुंडली काढायच्या. गाव कुठलं, भाऊ किती, शेतात काय लावलंय, थोरली कुठं दिली, जावई दारू तर पीत नाही ना. माणूस बोलायचा थांबला की पुढचा प्रश्न तयार. एकदा तर एका म्हातारबाबांना त्यांनी लग्नातली मंगलाष्टकं म्हणायला लावली. मी काचेपलीकडून हे बघायचे आणि नाकं मुरडायचे. म्हातारपणी माणसाला वेळ जात नाही, त्यातला प्रकार, असं माझं ठाम मत होतं.

त्या दिवशी सिस्टर बँकेत गेल्या होत्या. पेन्शन घेणाऱ्यांना दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन आपण हयात असल्याचा दाखला द्यावा लागतो. "जिवंत आहे म्हणून सांगून येते," असं म्हणून त्या साडेअकराला निघाल्या. जाताना कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली.

"एकच इंजेक्शनवाला आहे. इंजेक्शन डॉक्टर देतील. अर्ध्या तासाच्या आत चपला काढायच्या नाहीत. आणि त्याच्याशी बोलत राहा."

"हो हो," मी म्हटलं.

"हो हो नको. बोलत राहा."

कोळेकर वेळेवर आले होते. वय अडतीस-चाळीस, उंच, रापलेला चेहरा आणि आवाज असा, की त्यांनी 'नमस्कार' म्हटलं तरी बाहेरच्या पेशंटनं दचकून बघावं. वीस वर्षं 'जत, जत, जत' ओरडून कमावलेला आवाज तो. दोन महिन्यांपासून पोटात दुखत होतं आणि गाठ आहे का ते बघायचं होतं. सकाळची एक फेरी करून, दुसरीच्या आधी मधल्या वेळात ते उपाशीपोटी येऊन टेबलावर झोपले होते. झोपण्याआधी पेटी माझ्याकडे दिली.

"नजरंआड करू नका ताई. नोकरी हाय त्यात माझी."

मी फॉर्म भरला. दमा? नाही. मधुमेह? नाही. कसली अॅलर्जी? नाही. पूर्वी असं इंजेक्शन घेतलंय? नाही. काही त्रास? नाही. एवढी भराभर उत्तरं देणारा पेशंट मला फार आवडला होता. सिस्टर असत्या तर त्यांनी हेच प्रश्न तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारले असते, आणि फॉर्म भरायलाच वीस मिनिटं लागली असती.

अकरा पन्नासला डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, स्कॅन झाला, आणि डॉक्टर आतल्या खोलीत सोनोग्राफीला गेले. तिथे सात बायका ताटकळत होत्या. मी कोळेकरांना बाकावर बसवलं, 'बसा इथेच' म्हटलं आणि फिल्म धुवायला डार्करूममध्ये शिरले. बोलत राहायचं वगैरे माझ्या डोक्यातही आलं नाही.

आणि आता ते चपला मागत होते.

"सिस्टर येऊ देत," मी म्हटलं.

"त्या म्हातारीबाई न्हाई सोडायच्या. मागं आमच्या डायवरला आणलंतं, त्येला असंच डांबून ठेवलंतं." ते पुन्हा खाकरले आणि हसले. "तुमचं येगळं हाय. तुम्ही शिकलेल्या. माणूस बरा हाय का न्हाई, तुम्हाला बघूनच कळतंय की."

झालं. एवढं पुरलं मला. पाच महिने ज्या सेंटरमध्ये सगळे पेशंट 'सिस्टर, सिस्टर' करत होते, तिथे पहिल्यांदा कुणीतरी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं होतं आणि मी चढले. माणूस दोन पायांवर ठणठणीत उभा आहे, हसतोय, बोलतोय. त्याची गाडी चुकवून मी काय साधणार होते? मी त्यांच्या हातातली सुई काढली, कापूस लावला, कपाट उघडलं आणि चपला पुढ्यात ठेवल्या.

"लई उपकार झालं ताई," ते म्हणाले आणि पेटी सावरत झपाझप निघून गेले. मला फार बरं वाटलं. एखादी चांगली गोष्ट केली की वाटतं तसंच.

सिस्टर सव्वाबाराला आल्या. रिकाम्या बाकाकडे त्यांनी पाहिलं, मग घड्याळाकडे.

"कुठाय तो?"

"गेले. साडेबाराची गाडी होती त्यांची." मी फिल्म उजेडावर धरून बघत होते. "एकदम चांगले होते."

मला वाटलं आता तोंडाचा पट्टा सुरू होणार. पण त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली आणि शांतपणे विचारलं, "बोलत होता का?"

"कोण?"

"पेशंट. जाताना बोलला असेल ना काही. आवाज कसा होता त्याचा?"

काय विचित्र प्रश्न, असं मनात आलं. पण मी आठवायला लागले आणि आठवता आठवता हातातली फिल्म खाली आली. सकाळी 'नमस्कार' म्हणताना ज्या आवाजाने खिडकीच्या काचा हलल्या होत्या, त्या आवाजात ते चपला मागताना बोललेच नव्हते. चपला मागणारा आवाज मऊ होता. मला तो विनंतीचा वाटला होता.

"खाकरत होते," मी म्हटलं. "दोन-तीनदा. आणि आवाज जरा बसल्यासारखा..."

सिस्टरांनी तोपर्यंत टेबलाचा खण उघडला होता. "घसा आतून सुजायला लागला की आधी आवाज बदलतो. मग श्वास अडकतो. डोळ्यांना काही दिसत नाही गं, कानालाच कळतं. म्हणून बोलत ठेवते मी त्यांना." श्वास मोकळा करणाऱ्या अॅड्रिनलिनची दोन अॅम्प्यूल, सिरिंज, कापूस असं सगळं त्यांनी रुमालात गुंडाळलं. "माझे गुडघे धावत नाहीत. तू पळ आणि गाडी थांबव. मी डॉक्टरांना सांगते आणि रिक्षाने मागोमाग येते."

पाच महिने मी ज्याला बडबड म्हणत होते ते काय होतं, हे मला त्या एका मिनिटात कळलं. पण तेव्हा लाज वाटून घ्यायलाही सवड नव्हती. मी पळाले.

स्टँड आमच्यापासून सात-आठ मिनिटांच्या वाटेवर. पळत मला किती वेळ लागला माहीत नाही. वाटेत एका केळीवाल्याच्या गाड्याला मी धडकले आणि तो काय म्हणाला ते ऐकायला थांबले नाही. डोक्यात एकच हिशेब चालू होता. जतला जायला अडीच तास. मध्ये कवठेमहांकाळ सोडलं तर धड दवाखाना नाही. गाडी सुटली तर हा माणूस मधल्याच कुठल्यातरी थांब्यावर, लोकांच्या पायाशी पडून जाईल, आणि त्याला मी स्वतःच्या हाताने चपला दिल्यात.

स्टँडवर पोचले तेव्हा जतची गाडी फलाटावर होती, पण इंजिन चालू झालेलं होतं. गाडी खचाखच भरलेली. मी ड्रायव्हरच्या बाजूने बोनेटवर हात आपटला.

"बाई, मरायचंय काय?" ड्रायव्हर खिडकीतून ओरडला.

"कंडक्टर कुठायत?"

"मागं. तिकिटं फाडाय लागल्यात. बसायचं आसंल तर मागच्या दारानं चढा, जागा न्हाई."

मी मागच्या दाराने, माणसं ढकलत आत शिरले. कोळेकर मधल्या सीटपाशी एका बाईला तिकीट देत होते. ती बाई 'काय म्हणताय?' 'काय?' असं पुन्हा पुन्हा विचारत होती. त्यांचा आवाज ऐकू येण्यासारखा राहिलाच नव्हता. मानेवर लाल गांध्या उठल्या होत्या, ओठ जाडसर दिसत होते आणि डाव्या हाताने ते सारखी छाती खाजवत होते. मला बघून ते चमकले आणि मग ओशाळले. भरल्या गाडीत एक तरुण पोरगी धापा टाकत आपल्याकडे येतेय, हे काही बरं दिसत नव्हतं.

"कोळेकर, खाली उतरा."

"का ओ ताई? पेटीबिटी इसरली का काय तिथं? न्हाई, हाय की हितं." आवाज घोगरा, फुटका.

"पेटीचं नाही. तुम्हाला त्या इंजेक्शनचा त्रास होतोय. परत चला."

"ह्येचं म्हणताय व्हय?" त्यांनी मानेवर हात फिरवला. "पित्त उठलंय नुसतं. मागं पण असंच झालंतं. सांजंपर्यंत बसतंय आपुआप."

"मागं म्हणजे कधी?"

"दोन वर्सं झाली. सांगलीला मुतखड्याचा फोटू काढला, तवा असंच इंजेक्शन दिलंतं."

"मी विचारलं होतं ना तुम्हाला? फॉर्म भरताना?"

"सांगितलं आसतं तर तुम्ही केलंच नसतं की. परत सुट्टी काढून यायचं, परत उपाशी ऱ्हायचं..." त्यांना बोलता बोलता धाप लागली. त्यांनी वरचा दांडा धरला.

आता लोकही वैतागले होते. कुणी म्हणालं, 'घरचं भांडण घरी करा.' कुणी म्हणालं, 'सोडा गाडी, मुलं रडाय लागलीत.' ड्रायव्हरने हॉर्न दिला. मी कोळेकरांचा हात धरून ओढायला गेले तर त्यांनी तो सोडवून घेतला, रागाने नव्हे, संकोचाने. बावन्न माणसं गाडीत टाकून मी उतरू शकत नाही, असं काहीतरी त्यांना सांगायचं होतं, पण शब्द फुटत नव्हता. हा माणूस माझ्यासमोर मरणार आहे आणि तरी ड्यूटी सोडणार नाही, हे मला लख्ख दिसलं.

मग मी जे केलं ते शहाणपणाचं होतं असं म्हणणार नाही. मी त्यांच्या काखेतली पेटी हिसकावली आणि मागच्या दारातून खाली उडी मारली.

गाडीत एकच गलका झाला. तिकिटांची पेटी गेली की कंडक्टरची नोकरी गेली, हे त्या गाडीतल्या लहान पोरालाही ठाऊक होतं. कोळेकर माझ्यामागे उतरले. ओरडायला तोंड उघडत होते, पण आवाज नव्हता. मी फलाटावरच्या बाकापर्यंत पळाले, बाकावर पेटी ठेवली आणि उभी राहिले. ते दहा-बारा पावलं आले, बाकाला धरलं आणि गुडघ्यावरच बसले. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. डोळे मोठे झाले होते. त्यांनी आधी पेटीवर हात ठेवला आणि मग माझ्याकडे पाहिलं. त्यांनाही तेव्हाच कळलं.

मी त्यांना बाकाला टेकवून बसवलं, वरची बटणं सोडली आणि रस्त्याकडे बघत राहिले. आयुष्यात मी कुणाची इतकी वाट पाहिलेली नाही. सिस्टरांची रिक्षा स्टँडच्या आतच शिरली, जिथे रिक्षांना मनाई आहे. एक हवालदार ओरडत मागे धावत होता. सिस्टर उतरल्या त्याच सिरिंज भरून. कोळेकरांच्या मांडीत, खाकी पँटवरूनच, त्यांनी सुई टोचली.

"नाव काय तुझं, बाळा?" त्यांनी विचारलं. जणू काही झालेलंच नव्हतं.

कोळेकरांनी ओठ हलवले.

"ऐकू येत नाही. मोठ्यानं सांग."

"रे... रेवण..."

"गाव कुठलं?"

दोन-तीन मिनिटं गेली असतील. मला विचाराल तर मी तासभर म्हणेन. शिट्टी हळूहळू कमी झाली. "माडग्याळ," असं त्यांनी म्हटलं तेव्हा ते मलाही ऐकू आलं, आणि मी तिथेच फरशीवर बसले.

पुढचं सगळं मला तुटक आठवतं. ड्रायव्हर गाडी बंद करून धावत आला. मघाशी शिव्या घालणाऱ्या दोघा जणांनी कोळेकरांना उचलून रिक्षात ठेवलं. तिकिटांची पेटी वाहतूक नियंत्रकाच्या हातात मी स्वतः दिली. सेंटरवर डॉ. आगाशे ऑक्सिजन लावून, सलाइन जोडून तयारच होते. दोन वाजेपर्यंत कोळेकरांच्या अंगावरच्या गांध्या विरल्या होत्या. तरी असा त्रास काही तासांनी उलटू शकतो म्हणून डॉक्टरांनी त्यांना रात्रभर शेजारच्या दवाखान्यात ठेवायचं ठरवलं. आणि स्कॅनमध्ये गाठ नव्हती. मूत्रनळीत एक खडा अडकला होता, तेवढंच.

तीन वाजता डॉक्टरांनी आम्हा दोघींना आत बोलावलं.

"चपला कुणी दिल्या?"

सिस्टर तोंड उघडणार, त्याआधी मी म्हटलं, "मी."

डॉक्टर ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. "मीही इंजेक्शन देऊन निघून गेलो, तेव्हा मला फार बोलायची सोय नाही," ते म्हणाले. "पण शेटे, तुमच्या भरवशावर मी ही खोली ठेवू शकतो का? सिस्टर, तुम्ही सांगा. हिचं काय करायचं?"

आमच्या घरातली ती पहिली नोकरी होती. वडील इस्लामपूरला शिवणकाम करायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे की आमची हेमा मिरजेत मशीनवर आहे. सिस्टरांना मी पाच महिन्यांत एकदाही धड विचारलं नव्हतं, की तुम्ही असं का करता. उलट पाठीमागे हसले होते, आणि ते त्यांना माहीत होतं.

"उद्यापासून इंजेक्शनवाले हिच्यासमोर बसवा," सिस्टर म्हणाल्या.

"म्हणजे?"

"मशीन मी नाही शिकू शकत या वयात. पण बाकावरचं काम हिला आजच्याइतकं परत कधी कळणार नाही. हिला काढलंत तर नवी येईल, तिला हे सगळं पहिल्यापासून. त्यात कुणाचा जीव जायचा."

बाहेर आल्यावर मी रडायला लागले. सिस्टरांनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "पाच महिने तू मला विचारलं नाहीस. पण मीही सांगितलं नाही. मला वाटायचं, शिकलेली आहे, हिला काय सांगायचं. दोघींचंही चुकलं. आता चहा सांग."

त्या एस्तेर सिस्टर आज नाहीत. मी अठ्ठावीस वर्षं या कामात आहे, माझ्या हाताखाली कितीतरी मुलं-मुली शिकून गेल्या, आणि मला येतं त्यातलं निम्म्याहून जास्त त्यांचं आहे. पण ही गोष्ट त्यांच्यापाशी संपत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला एक बाई सेंटरच्या पायरीवर येऊन उभी राहिली. नऊवारी लुगडं, हातात डाळिंबांची पिशवी, रात्रभर न झोपलेले डोळे. ड्रायव्हरने माडग्याळला निरोप पोचवला होता आणि मिळेल त्या गाडीने ती रातोरात आली होती. नवऱ्याला शेजारच्या दवाखान्यात बघून ती आता आमच्याकडे आली होती.

"पेटी घेऊन पळालेल्या ताई कुठल्या?" तिने विचारलं.

मी पुढे झाले. मी काही बोलायच्या आत ती खाली वाकली आणि तिने माझ्या पायावर डोकं ठेवलं. तिच्या डोळ्यांतलं पाणी मला पायांवर लागलं.

"पदरात दोन पोरी हायत ताई," ती म्हणाली. "सत्यव्वाचं कुकू राखलासा तुम्ही. ह्यो उपकार कसा फेडू?"

आजूबाजूला पेशंट बघत होते. एका म्हातारीने तर पदर डोळ्याला लावला. सिस्टर आपल्या टेबलाशी फॉर्म लावत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. मी गप्प राहिले असते तर कुणाला काहीच कळलं नसतं. खरं सांगते, एक क्षण मला गप्प राहावंसं वाटलं. कुणी आपल्या पायावर डोकं ठेवलं की किती बरं वाटतं.

पण मग ते सहन होईना. मी तिला खांद्याला धरून उठवलं.

"सत्यव्वा, ऐका. त्यांना अर्धा तास इथे बसवून ठेवायचं होतं. ते माझं काम होतं. मीच त्यांना चपला काढून दिल्या. मी सोडलं नसतं तर हे काही झालंच नसतं."

मला वाटलं ती हात झटकून मागे होईल. चार शब्द सुनावेल. तिने पदराने तोंड पुसलं आणि माझ्याकडे नीट बघितलं.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "रातीच सांगितलं त्येंनी. त्येंनी पण खोटं सांगितलंतं की तुम्हाला. ती चूक कुणाच्या नावावर घालायची?"

"तरीही..."

"सोडून देणारी लई भेटत्यात ताई," सत्यव्वा म्हणाली. "माघारी बोलवाय पळत कोण येतंय?"

तिने पिशवी माझ्या हातात दिली आणि उन्हं वाढायच्या आत नवऱ्याला घेऊन निघायचं म्हणून वळली. मी पिशवी बाकावर ठेवली, तिच्यामागे पायरीवर गेले आणि तिच्या पायांशी वाकले.

ती घाईने मागे सरली. "अवो, असं करू नगा. तुम्ही शिकलेल्या."

मी तरीही तिच्या पायांना हात लावला.